पळस्पे फाट्यावरचे डबे

पनवेलला राहणाऱ्या माणसाला कंटेनर म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. न्हावा-शेव्याहून निघालेला रस्ता जासई, गव्हाण फाटा करत पळस्प्याला येतो आणि तिथे दिवसरात्र डब्यांची रांग लागलेली असते. लाल, निळे, करडे, गंजलेले. पावसाळ्यात एखादा ट्रेलर आडवा झाला की आमच्याकडे दुधाच्या पिशव्याही उशिरा येतात. त्यामुळे संगणकावर 'कंटेनर' नावाचं काहीतरी आलंय हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं होतं. म्हटलं, आता हे घरातही आले!

तर हे डबे घरात कसे आले त्याची ही गोष्ट. थोडी माझ्या वडिलांची, थोडी मुंबईच्या गोदीची आणि बरीचशी लोखंडी डब्याची.

वडील मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. बोटीतून माल उतरताना तो मोजायचा, हे काम. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पोती, पेट्या, गाठी, पिंपं. तीस वर्षं त्यांनी रेघा मारल्या. निवृत्त झाल्यावर आपण जे पाहिलं ते लिहून ठेवावं असं त्यांच्या मनात आलं आणि २००५ साली मी त्यांना एक छोटंसं संकेतस्थळ करून दिलं. पीएचपी, मायएसक्यूएल आणि माझं अर्धवट ज्ञान एवढ्या भांडवलावर. ते वहीत लिहायचे, मी रविवारी टंकून द्यायचो. चाळीस-पंचेचाळीस लेख झाले असतील. २०११ साली वडील गेले. त्यानंतर जागेचं वार्षिक भाडं भरायचं एका वर्षी माझ्याकडून राहून गेलं, आणि स्थळही गेलं. उरली ती एक सीडी, वर मार्करने लिहिलेलं 'नानांचं, पूर्ण'.

परवा आईने विचारलं, "ह्यांचं ते गोदीचं लिहिलेलं वाचता येईल का रे?" आणि मी सीडी शोधायला घेतली.

सीडी वाचली गेली हेच नशीब. पण वाचली जाणं वेगळं आणि चालणं वेगळं. त्या काळी लिहिलेला पीएचपीचा कोड आज जसाच्या तसा चालत नाही. विदागाराशी बोलायची जी जुनी पद्धत मी वापरली होती, ती २०१५च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकली गेली. माझ्या संगणकावर नवं पीएचपी, नवं मायएसक्यूएल. पान उघडलं तर पहिल्याच ओळीत चूक. थोडी डागडुजी करून पुढे गेलो तर नानांच्या मराठीच्या जागी डोक्यावर तिरक्या रेघा असलेली युरोपीय अक्षरं! मुळात हे सगळं चाललं होतं ते त्या काळच्या, त्याच जातीच्या सर्व्हरवर. तो सर्व्हर आता कुठून आणायचा?

खरं तर हे दुखणं मला नवीन नव्हतं. २००५ मध्ये मी घरी विंडोजवर झँप टाकून स्थळ तयार करायचो. ते एकदा बसवलं की सर्व्हर, पीएचपी, विदागार सगळं आपल्या यंत्रावर हजर, फार सोयीचं होतं. पण भाड्याची जागा होती लिनक्सवर. विंडोजला 'फोटो'तलं पहिलं अक्षर कॅपिटल की स्मॉल याने काही फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. स्थळ वर चढवलं आणि नानांनी कळवलं की एकही चित्र दिसत नाही. मी म्हटलं, "माझ्याकडे तर दिसतायत." नाना शांतपणे म्हणाले, "माल चढवताना ठीक होता असं सगळेच सांगतात. उतरवताना काय आहे ते मी मोजतो."

पुढे नोकरीत 'माझ्या मशीनवर चालतंय' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं, स्वतःही म्हटलं. दर वेळी मला ती रेघांची वही आठवायची.

आता गोदीकडे वळू. कंटेनर यायच्या आधी बोट भरायची म्हणजे सुटा माल भरायचा. मुंबईत प्रिन्सेस डॉक १८८० साली बांधली गेली, त्यानंतर व्हिक्टोरिया, मग १९१४ साली अलेक्झांड्रा, जी आता इंदिरा डॉक. या गोद्यांमध्ये एकेक पोतं माणसाच्या पाठीवरून किंवा क्रेनच्या जाळीतून वर-खाली व्हायचं. बोट आठवडाभर धक्क्याला लागलेली असायची. काही पोत्यांवर 'यूज नो हुक्स' असं छापलेलं असे आणि हुक मात्र लागलेलेच असत, असं नाना सांगायचे. शिवाय बोटीच्या पोटात कशाशेजारी काय ठेवलंय याला फारसा धरबंध नसे. याचा सगळ्यांत भयानक दाखला मुंबईनेच पाहिला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकीन बोटीत जवळजवळ १४०० टन स्फोटकं होती आणि त्याच बोटीत कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं आणि सोन्याच्या विटाही. कापूस पेटला, आग स्फोटकांपर्यंत गेली. शेकडो माणसं मेली, आसपासच्या वस्त्या जळाल्या. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यात मेलेल्या जवानांसाठी.

एकाचं दुखणं दुसऱ्याला लागू नये म्हणून मध्ये भिंत हवी, हे दोन्ही धंद्यांना फार उशिरा कळलं.

लोखंडी डब्याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, म्हणून भरभर सांगतो. अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाचा ट्रकवाला होता. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याची आयडियल-एक्स ही बोट नेवार्कहून ह्यूस्टनला निघाली, डेकवर ५८ डबे. सुटा माल चढवायला तेव्हा टनामागे पावणेसहा डॉलरच्या वर खर्च येई. या बोटीचा हिशोब आला सोळा सेंटांच्या आसपास. पण मला यातला जास्त आवडणारा भाग पुढचा आहे. प्रत्येक कंपनीचा डबा वेगळा होता. मॅक्लीनचा ३५ फुटी, पॅसिफिकमधल्या मॅटसन कंपनीचा २४ फुटी. एकाचा डबा दुसऱ्याच्या क्रेनला चालेना. म्हणजे 'माझ्या धक्क्यावर चालतंय' हीच रड! मग साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय मानक ठरवायला समित्या बसल्या. मॅक्लीनच्या कंपनीने डब्याच्या कोपऱ्यातल्या ओतीव लोखंडी खोबणीचं पेटंट सगळ्यांसाठी खुलं केलं. आणि शेवटी ठरले २० आणि ४० फूट. ना याचे ना त्याचे. डबा जगभर गेला तो कोपऱ्यातल्या त्या खोबणीमुळे. कुठल्याही देशातल्या क्रेनने तो उचलावा, आत काय आहे ते क्रेनला कळायची गरज नाही.

नानांच्या कामावर घाव बसला तो नेमका इथे. "डबा आला की आत काय विचारायचं नाही, सील बघायचं," असं ते म्हणायचे. एका डब्यात हजार पेट्या असल्या तरी त्यांच्या वहीत एकच रेघ. ज्या टोळ्या पोती वाहत होत्या त्यांना तर तीही नाही. मोठ्या लढ्यांनंतर १९४८ साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला होता. रोज सकाळी मुकादमाच्या मर्जीवर काम मिळण्याऐवजी नोंदणी, पाळी, हमी मिळाली होती. ती मिळून एक पिढी होते न होते तोच डबा आला. नाना काही डब्याचे वैरी नव्हते, उलट चोरी थांबली, पाठी मोडायच्या थांबल्या, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. पण एका लेखाचं नाव त्यांनी 'शेवटची टोळी' असं ठेवलं होतं, एवढं मला आठवत होतं. लेख आठवत नव्हता. तो वाचायचा म्हणून तर हा सगळा खटाटोप.

मुंबईची गोदी गर्दीने भरलेली, मागे जागा नाही. डब्याला जागा लागते, फार लागते. म्हणून खाडीपलीकडे न्हावा आणि शेवा या गावांच्या अंगाला नवं बंदर करायचं ठरलं. आता ही जागा काही मोकळी पडलेली नव्हती. तिथे भातशेती होती, मिठागरं होती, मासेमारी होती. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी योग्य मोबदल्यासाठी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. जासईला आजही जानेवारीत त्यांना अभिवादन करायला माणसं जमतात. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली तिच्या मुळाशी हे रक्त आहे. पाच वर्षांनी, २६ मे १९८९ला, बंदर सुरू झालं. आज तिथे वर्षाला वीस फुटी मापाने ७० लाखांवर डबे हलतात. आणि तिकडे मुंबईत प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या पुढे भराव टाकून बुजवल्या... डबे ठेवायला जागा हवी म्हणून. नानांनी ही बातमी वाचून पेपर घडी घालून ठेवला होता, बोलले काहीच नाहीत.

असो. संगणकाकडे येतो.

संगणकात भिंत घालायचा पहिला प्रयत्न १९७९चा. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' नावाची सोय आली. एखाद्या प्रोग्रामला सांगायचं की हा एवढा फोल्डर म्हणजेच तुझं सगळं जग. भिंत कच्ची होती, पण कल्पना आली. पक्की भिंत आली २००० साली, फ्रीबीएसडीमध्ये, आणि नाव चक्क 'जेल'. ती पॉल-हेनिंग काम्पने लिहिली आणि गंमत म्हणजे ती लिहून घेतली एका संकेतस्थळं भाड्याने ठेवणाऱ्या कंपनीने. एकाच यंत्रावर शंभर गिऱ्हाइकांची स्थळं, एकाने काही उपद्व्याप केला की बाकी नव्व्याण्णव आडवी. फोर्ट स्टिकीनचीच अडचण, फक्त स्फोट लहान. त्यानंतर सन कंपनीचे 'झोन' आले. गूगलमधल्या मंडळींनी २००६ पासून लिनक्ससाठी काम केलं. त्याला आधी कंटेनरच म्हणत होते, पण या शब्दाचे आधीच बरेच अर्थ झालेत म्हणून नाव बदलून 'सीग्रुप्स' केलं. कुणी किती प्रोसेसर, किती मेमरी खायची याचं रेशनिंग. २००८च्या सुरुवातीला ते लिनक्सच्या गाभ्यात आलं.

म्हणजे भिंत होती, रेशनिंग होतं. नव्हती ती कोपऱ्यातली खोबण. ती आणली सॉलोमन हाइक्सने. डॉटक्लाउड नावाची त्याची कंपनी लोकांची संकेतस्थळं चालवून द्यायची. मार्च २०१३मध्ये सांता क्लारा इथे पायथॉनवाल्यांच्या परिषदेत त्याने पाच मिनिटांत एक हत्यार दाखवलं. नाव डॉकर. लोखंडी डब्याची उपमा त्याने पुढच्या भाषणांतून अगदी सरळ सरळ वापरली, आणि चिन्ह घेतलं पाठीवर डबे रचलेला देवमासा. प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्रऱ्या, पीएचपीची नेमकी आवृत्ती, सगळं एका साच्यात बंद करायचं. तो साचा माझ्या लॅपटॉपवर, तुमच्या लॅपटॉपवर, भाड्याच्या सर्व्हरवर तसाच उघडतो. इथेही पुन्हा तुझा डबा माझा डबा सुरू झालंच, आणि २०१५मध्ये सगळ्यांनी मिळून मानक ठरवायला घेतलं. मॅक्लीनच्या वेळी समित्यांना वर्षानुवर्षं लागली होती, इथे दोनच वर्षांत सगळे टेबलाशी बसले. इतिहासाचा तेवढा तरी उपयोग.

'डॉकर' हा इंग्लंडात गोदी कामगारासाठीचा रोजचा शब्द. ज्या माणसाचं काम डब्याने संपवलं, त्याचंच नाव या नव्या डब्याच्या हत्याराला. हे मला कळलं त्या दिवशी नाना असते तर त्यांना फोन केला असता.

तर मग सीडीचं. मी एका फाईलीत दोन डबे मांडले. एकात पीएचपी ५.६ आणि अपाची, दुसऱ्यात मायएसक्यूएल ५.५. दोघांच्या मध्ये एक खाजगी वाट, आणि बाहेरच्या जगासाठी पहिल्या डब्याला एक दार: माझ्या संगणकाचं पोर्ट ८०८० आतल्या ८०ला जोडायचं. पोर्ट म्हणजे बंदर, हे इतकी वर्षं हा शब्द वापरून मला कधी जाणवलंच नव्हतं. हुकूम दिला, जुने साचे उतरू लागले, आणि पाच-सात मिनिटांत माझ्या नव्या कोऱ्या लॅपटॉपमध्ये एक जुना सर्व्हर श्वास घेऊ लागला.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. चित्रं लहान करायची लायब्ररी त्या साच्यात नव्हती. ती आणायला गेलो तर ज्या डेबियन आवृत्तीवर तो साचा उभा आहे तिचं कोठार नेहमीच्या पत्त्यावरून हलवून जुन्या दप्तरखान्यात टाकलेलं. तिथला पत्ता देऊन ती आणावी लागली. डब्यात जे भरलं तेच डब्यात, बाकीचं जग थांबलेलं नसतं. दुसरी चूक माझी. डबा मोडून पुन्हा उभा करताना विदागाराची कोठीही पुसून टाकायचा हुकूम दिला आणि सगळा विदा गेला. सीडी होती म्हणून वाचलो. डबा फेकून द्यायचाच असतो, माल वेगळा ठेवायचा, हे गोदीतल्या कुणीही सांगितलं असतं.

आणि हे डबे काही हवेत उभे राहत नाहीत. आभासी यंत्रात अख्खा वेगळा संगणक उभा करतात, डब्यात तसं नसतं. सगळ्या डब्यांखाली लिनक्सचा एकच गाभा असतो. विंडोजवर किंवा मॅकवर हे चालतं तेव्हा खाली गुपचूप एक लिनक्स यंत्र चालवलेलं असतं. जाहिरातीत ते दिसत नाही. आम्हा पनवेलकरांना डबा दिसला की त्याच्याखालची जमीन आधी दिसते, त्याला इलाज नाही.

सगळ्यांत नवल मराठीचं. ती युरोपीय अक्षरं या जुन्या डब्यात आपोआप गेली आणि नानांचं मराठी लख्ख दिसायला लागलं. झालं असं होतं की २००५ मध्ये मी युनिकोडमधला मजकूर पश्चिम युरोपच्या लिपीसाठी असलेल्या रकान्यात भरला होता. आपल्या एका अक्षराचे तीन बाइट, आणि त्या रकान्याच्या लेखी प्रत्येक बाइट म्हणजे एकेक वेगळं अक्षर. तेव्हा भरणाराही चुकत होता, काढणाराही त्याच पद्धतीने चुकत होता, म्हणून बरोबर दिसत होतं. नवं पीएचपी बरोबर वाचायला गेलं आणि म्हणून बिघडलं. जुन्या डब्यात जुनी चूक शाबूत होती. मानकाप्रमाणे सुधारायला तो मजकूर आता मी हळूहळू नव्या रकान्यात हलवतोय, एकेक लेख तपासून. मोजून.

रात्री आईला लॅपटॉपपाशी बसवलं. 'शेवटची टोळी' उघडलं. लेख मोजून दीड पानाचा. त्यात नानांनी टोळीतल्या अकरा जणांची नुसती गावं लिहिली आहेत, माणूस कुठला आणि काम सुटल्यावर परत गावी गेला की मुंबईतच राहिला, एवढंच. तिघांच्या पुढे काहीच नाही. आईने सगळं वाचलं. मग पानाच्या तळाशी, त्या काळी सगळेच लावायचे तसा मी भेटींचा आकडा लावला होता, तिथे बोट ठेवून विचारलं, हे काय. म्हटलं, किती जणांनी पान पाहिलं ते. आकडा होता १,१४६. पान पुन्हा उघडलं तेव्हा १,१४७ झाला.

"यात एक गाव चुकलंय," आई म्हणाली. "तो सातवा माणूस पेणचा नव्हे, वडखळचा. आपल्याकडे गणपतीला यायचा."

मी अजून ते बदललेलं नाही.